डाव्या पायाचं पेडल

सिंदी मेघेत आमच्या घरी पियानोच्या स्टँडला तीन पेडलची पट्टी बसवायला एक सुतार आला होता. पक्षाघातानंतर बायकोनं वर्षभर पियानो उघडला नव्हता. तिनं पुन्हा वाजवावं म्हणून मी ती पट्टी मागवली होती. सूर लांबवणारं पेडल उजवीकडचं, आणि तिचा उजवा पायच हलत नव्हता.

मधोमध खुणा करून तो तिच्या पायांकडे पाहत राहिला. "ताई, डावा पाय ठेवून पाहा बरं."

"पट्टी मधेच बसते ना?" मी विचारलं.

"पियानोले काय फरक पडते, भाऊ? वाजवनार तर ताई हायेत."

उजवीकडचं पेडल तिच्या डाव्या पायाखाली येईल इतकी त्यानं पट्टी डावीकडे सरकवली आणि स्क्रू आवळले. तिनं डाव्या पायानं पेडल दाबून एकच सूर वाजवला. तो विरेपर्यंत सुतार जमिनीवरच बसून राहिला. मी मात्र वर्षभर तिच्या उजव्या पायाचीच वाट पाहत होतो.