बांधीतला बसथांबा

शालूताईची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ती चिंचेवर होती. कामठ्याजवळच्या एका गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली होती आणि मी बातमीसाठी गर्दीत उभा होतो. इतक्यात डोक्यावरून आवाज आला, "ओ निळा शर्ट! बाजूले सर नं गा, कायले मंधात येऊन राहिला?" वर पाहिलं, तर ओढणी कमरेला बांधलेली, पन्नाशीकडे झुकलेली एक बाई फांदीला पाय अडकवून कॅमेरा रोखून बसलेली. मी तुमच्याच पेपरचा नवा वार्ताहर आहे, असं मान वर करून सांगितलं. "मंग तं अजूनच सर," ती म्हणाली. "आपल्याच पेपरात आपला फोटो छापत नाई."

आमच्या पेपरची ही गोंदियाची फोटोग्राफर. पाण्याची टाकी, शाळेचं छप्पर, ट्रॅक्टरची ट्रॉली, जे उंच दिसेल त्यावर ती चढायची. "वरून पाहिलं का सारं गाव एका ताटात दिसते," हे तिचं ठरलेलं वाक्य. खाली उभं राहून तिची चप्पल सांभाळणं हा माझ्या पत्रकारितेचा मोठा भाग होता, हे मी आजही कबूल करतो.

पाहुण्यांचा तिला धाक नव्हता. गोंदियाच्या बाजारात एका कापड दुकानाचं उद्घाटन होतं. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली आणि नेमके डोळे मिटले. "साहब, आँखें बंद हो गईं. फिर से काटिए," म्हणत शालूताईने फितीला गाठ मारली. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा गाठ. चौथ्या खेपेला फीत इतकी तोकडी झाली, की तिची दोन टोकं धरणारे दुकानदार बापलेक पाहुण्यांच्या दोन्ही गालांना टेकले. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत पाहुण्यांचे डोळे भूत दिसल्यासारखे विस्फारलेले होते. शालूताई मात्र फोटोवर खूश होती.

पण तिची खरी ओळख मला पटली ती एका रस्त्यापायी. चिचगडच्या आत, जंगलाच्या बाजूला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथला ठेकेदार अजून मला चहा पाजतो. गावच्या रस्त्याचं डांबर वाहून गेलं, नुसता चिखल उरला आणि देवरीची बस बंद झाली. गावातल्या पाच-सहा मुली त्याच बसने देवरीच्या कॉलेजात जायच्या. त्यांतल्या पौर्णिमाला तर वडिलांनी बजावलंच होतं, "पोळ्यापर्यंत बस आली तं ठीक, नाई तं कॉलेज सोड. पोरगा पाहून राहिलो मी." पौर्णिमाची आई येनूबाई ऐकून घेणारी नव्हती. आमच्याकडे रस्ता बिघडला की लोक त्यात धान लावून निषेध करतात आणि पेपरवाल्यांना बोलावतात. येनूबाईने बाया जमवल्या आणि शालूताईला फोन लावला.

ठरलं होतं एवढंच, की चार रोपं खोसायची, घोषणा द्यायच्या आणि फोटो काढायचा. पण जन्मभर भाताची रोवणी केलेल्या बायांना नुसती चार रोपं खोसता येतात होय? त्यांनी आधी पायाने चिखल सारखा केला. मग ओळ धरली. घोषणा विसरल्या आणि गाणी सुरू झाली. दुपारपर्यंत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रस्ता लावून मोकळ्या! शालूताई हरखून आंब्यावर चढली आणि तिने वरून फोटो घेतला. मीही दात-ओठ खाऊन बातमी लिहिली.

सकाळी पेपर उघडला. आयत्या वेळी जाहिरात आली म्हणून नागपूरच्या डेस्कने माझी बातमी काढली होती आणि नुसता फोटो ठेवला होता. खाली ओळ होती : 'रोवणीला वेग, शेतकरी सुखावला.' डेस्कला तरी काय बोलणार? फोटोत सरळ ओळींची हिरवीगार बांधी, म्हणजे चक्क भातखाचर होतं. थोड्याच वेळात शालूताईला पौर्णिमाचा रडत फोन आला. "ताई, पेपरात रस्ता नाई आला, वावर आलं. बाबा म्हनते, झालं तुमचं आंदोलन."

शालूताईने मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. येनूबाई तोच पेपर घेऊन गावभर मिरवत होती. "बेस आला नं रोवना? एक रोप तिरपं नाई!"

"तेच तं चुकलं वं माय! थोडं वाकडं काऊन नाई लावलं?"

"वाकडं?" भाजीत राख टाक म्हटल्यासारखा येनूबाईचा चेहरा झाला. "वाकडं लावाले आमाले येत नाई, बाई."

तरी दोन बायांनी काही ओळी उपटून प्रयत्न केला. त्या पुढे वाकडं लावत गेल्या आणि मागून तिसरी, न राहवून, सरळ करत आली. शालूताईने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात बसची वेळ झाली. बस कधी सुरू होईल याचा नेम नसल्याने मुली रोज वेळेवर येऊन थांब्यावर उभ्या राहत. आजही आल्या. कॉलेजचा ड्रेस, पाठीवर दप्तर, हातात चपला. बसथांब्याच्या पाटीखाली, पोटरीभर धानात, रांगेत उभ्या राहिल्या. शालूताई पाहतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती वर न चढता खाली गेली. चक्क चिखलात पालथी पडली.

"हलू नका वं पोरीहो! बस येऊन राहिली असं पाहा!"

चिखलात लोळणारी बाई बस आली म्हणतेय, हे पाहून एक मुलगी फिसकन हसली आणि मग सगळ्याच सुटल्या. "हसू नका, बस चुकली तुमची!" शालूताई ओरडली, तसं हसू आणखी वाढलं. येनूबाई पोट धरून खाली बसली. मी हसता हसता शालूताईची चप्पल चिखलात पाडली.

तो फोटो पहिल्या पानावर आला. धानात उभा बसथांबा आणि हसणाऱ्या पोरी. आता कोणाची काय बिशाद होती नाही म्हणायची! काही दिवसांतच गिट्टी आली, रोलर आला. येनूबाईने रोलर अडवला. "आमच्या हातचं धान रोलरखाली?" बायांनी सगळी रोपं अलगद उपटून तिच्या बांधीत नेऊन लावली, तोवर रोलर मुकाट्याने उभा होता.

पुढे पेपरने फोटोग्राफर ठेवणंच बंद केलं. आता फोटो आम्हीच मोबाइलवर काढतो आणि ते तसेच दिसतात. शालूताई रायपूरला बहिणीकडे गेली. तिथे लग्नाच्या मांडवांवर चढते, असं ऐकतो. तिची आठवण आली की मला फार चुकल्यासारखं होतं, आणि तरी हसूच येतं. कारण आठवतो तो बस सुरू झाली तो दिवस.

पोळ्याच्या आधीच बस आली. ढोल वाजत होता. पौर्णिमा खिडकीशी बसली, तिचे वडील बाहेरून "नीट जा वं" म्हणत होते. शालूताई कॅमेरा गळ्यात टाकून नुसत्या टाळ्या पिटत होती. बस वळणाआड गेल्यावर तिने एकच फोटो काढला.

संध्याकाळी नागपूरहून फोन आला. तिने तो मलाही ऐकवला.

"फोटोत बस कुठे आहे?"

"गेली."

"आणि मुली?"

"त्याच बसमंधी गेल्या."

"मग फोटोत आहे काय?"

"थांब्यावर कोनी नाई, साहेब," शालूताई खुशीत म्हणाली. "नीट पाहा नं. एकबी पोरगी मागं नाई राहिली."