‘इट’ मध्येच का?
स्पिरिटचा वास आला की ड्युटीवरून थकून आलेली ताई आठवते. परदेशात नर्सच्या नोकरीसाठी तिला इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यायची होती, आणि शिकवणारा मी, कॉलेजात जाणारा धाकटा भाऊ. भुईगावच्या घरी आम्ही ओट्यावर बसायचो. समोर केळीच्या बागेत पंप धडधडत असायचा. ‘टेक ऑफ द बँडेज’ ती बरोबर म्हणायची, पण बँडेजच्या जागी ‘इट’ आलं की ‘टेक ऑफ इट’. “टेक इट ऑफ!” त्या संध्याकाळी मी दहाव्यांदा ओरडलो. “अरे, बँडेज शेवटी चालतं, मग इट का नाही?” तिने विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. “का विचारू नकोस, पाठ कर! एवढंही डोक्यात शिरत नाही?” तिने वही मिटली. “पेशंटवर मी अशी ओरडले असते, तर मला घरी बसवलं असतं,” एवढंच म्हणून ती आत गेली. पुढे मैत्रिणीकडे शिकून ती पास झाली. आता मी शाळेत इंग्रजी शिकवतो. बँडेजसारखं नाम ‘टेक’ आणि ‘ऑफ’च्या मध्येही चालतं, शेवटीही. ‘इट’, ‘देम’ मात्र मध्येच बसतात, हे मुलांना न चिडता सांगतो. ताईने मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.