आतून ओले हातमोजे

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी पुटपुटत आलो. तुम्ही अनोळखी, म्हणून जीभ जरा तरी वळते आहे. उद्या सकाळी हेच एका ओळखीच्या माणसासमोर बोलायचं आहे. आणि मी बोलणार आहे.

गडचांदूरला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. देवाजी माझ्याकडं कामाला होता. पोंभुर्ण्याकडचा, तलावात मासे धरणाऱ्या घरातला. लहानपणापासून जाळी विणलेला हात. त्याच्या वेल्डिंगची रेघ पाहून गिऱ्हाईक विचारायचं, हे कोणी केलं? मी म्हणायचो, आम्ही केलं. बघा, माझी सवय तेव्हापासूनच अशी.

आता हातमोज्यांचं सांगतो, कारण माझं पाप त्यांच्यातच आहे. जाड चामड्याचे मोजे घातले तर आच लागत नाही, पण बोटांची मुसळं होतात. रॉड कुठं टेकला ते कळत नाही. बकरीच्या पातळ चामड्याचे घातले तर बोटांना सगळं कळतं — तापलेलं लोखंडसुद्धा. देवाजीची परीक्षा साधी होती. मोजा घालून जाळं विणायची सुई जमिनीवरून उचलायची. उचलली गेली, तर मग त्याच हातात गरम लोखंडाचा तुकडा धरायचा आणि आच किती वेळानं आत येते ते पाहायचं. तो म्हणायचा, "भाऊ, एकच जोडी सगळ्या कामाले पुरत नाई. बारीक कामाले येगळी, ट्रॉलीले येगळी."

मी मालक. मला यानं शिकवायचं? मी नागपूरहून सगळ्यांसाठी एकाच जातीचे, सगळ्यांत जाड, लाकडासारखे कडक मोजे आणले. देवाजीनं घातले, सुई उचलायला वाकला, सुई सुटली. पुन्हा उचलली, पुन्हा सुटली. दुकानातले सगळे हसले. मला वाटलं माझ्यावर हसले. आणि ते माझ्या डोक्यात बसलं.

आमच्याकडं उन्हाळ्यात माणूस सगळंच भिजवतो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या, दारावरचं गोणपाट, डोक्याचा दुपट्टा. मोजे भिजवणारे वेल्डरही होते — चामडं मऊ होतं, हाताला गार लागतं. देवाजी कधी भिजवायचा नाही. ओलं चामडं आच अडवत नाही, आतल्या पाण्याची वाफ होते आणि हात आतल्या आत शिजतो, हे त्यानं मला कितीदा तरी सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणत नाही.

त्या दुपारी तो डबा खायला बसला होता. मी त्याचे मोजे उचलले, लोखंड थंड करायच्या टाक्यात बुडवले, मळले, पिळले आणि टिनाच्या पत्र्यावर उन्हात टाकले. का? माझीच निवड बरोबर होती हे दाखवायला. दुसरं काहीही कारण नाही. इथलं ऊन ते — तो जेवून येईपर्यंत मोजे वरून कोरडे ठणठणीत. त्यानं घातले, मूठ मिटून पाहिली आणि खूश झाला.

"आज मऊ लागून राह्यले, भाऊ."

"म्या काय सांगतलं होतं? वापरलं का मऊ होते."

थोड्या वेळानं म्हणाला, "आतून ओले लागते."

"तुयाच घाम हाये. हात चालव लवकर, ट्रॉली न्याले येऊन राह्यले."

मी तेव्हा थांबवू शकलो असतो. काढ ते मोजे, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं नुकताच जोडलेला, अजून तापलेला लोखंडी अँगल सरळ करायला उजव्या हातानं दाबून धरला. मग जे झालं ते मी रोज ऐकतो. तुम्हाला ऐकवत नाही. मोजा कात्रीनं कापून काढावा लागला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मोजा आतून ओला कसा? मी म्हणालो, "त्याच्या हाताले घाम लय येते, साहेब." खाटेवर पडल्या पडल्या देवाजीनं मान हलवली. त्याला ते खरं वाटलं. आपल्याच हातानं आपल्याला दगा दिला, असं तो आजही मानतो. त्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. त्यानं काम सोडलं. म्हणाला, "आगीचं काम माह्या हाताचं नाई, भाऊ." मी त्याला अडवलं नाही. तो गेला तेव्हा मला हलकं वाटलं — हेही सांगून टाकतो.

त्यानंतर मी दुकानात दोन जातींचे मोजे ठेवतो. सुईवर पारखून घेतो, ओला मोजा कोणाला घालू देत नाही. लोक म्हणतात, भाऊ माणसाले लय जपते. मी ऐकून घेतो. यापेक्षा निर्लज्जपणा कोणता?

परवा देवाजी दुकानात आला. त्याची पोरगी वर्षा वेल्डिंग शिकायचं म्हणते. हात चांगला आहे, आयटीआयला नंबरही लागला आहे. पण तो नाही म्हणतो. "माह्यासारखाच तिच्या हाताले घाम येते. आयकत नाई. तुमी सांगा तिले, भाऊ. तुमी तर डोयानं पाह्यलं हाये." साक्षीदार म्हणून तो मलाच बोलवायला आला होता. मी येतो म्हणालो. उद्या जायचं आहे.

काय होईल? तो दार लावील, कदाचित मारील. जे होईल ते होवो, मी ते बदलायला जात नाही. वर्षासाठी एक चांगली जोडी पिशवीत घातली होती, मऊ पण आच झेलणारी. आत्ता काढून फळीवर ठेवली. माझ्या हातची निवड त्या घरात पुन्हा जायला नको. तिचे मोजे ती निवडील; सुई तिच्या घरात आहे.

रिकाम्या हातानं जाईन. दोघांना समोर बसवीन आणि म्हणेन — देवाजी, तो घाम नोता. म्या तुये मोजे टाक्यात बुडवले होते.