इंगळेताईंचा ओटा

मित्रहो, आज आमच्या नगरपरिषदेच्या सभेत बसलो होतो. सदस्यांच्या भत्तावाढीचा ठराव आला, तेव्हा सभागृहात उपनिषदांतली शांती. एकमताने मंजूर!

मग नालीवर बांधलेल्या ओट्यांचा विषय निघाला. ते तोडल्याशिवाय नाली साफ होत नाही आणि पाणी खालच्या वस्तीत शिरतं. सगळे छताकडे पाहू लागले.

नव्या नगरसेविका इंगळेताई उठल्या. "पह्यले माह्या घरचा तोडा."

"सासरे घरात घेतील का मंग?" अध्यक्षांनी चिडवलं.

"नाई घेतलं तं इथंच झोपीन. भत्ता वाढला ना!"

संध्याकाळी मुद्दाम तिकडून गेलो. ओटा खरंच तुटला होता. सासरे रस्त्यावर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, "तुमचा कवा तोडता?"

मी हात जोडले आणि घाईने पुढे निघालो. माझाही ओटा नालीवरच आहे. तुमचा?