बाबा भाव वाचत होते

बी.एस्सी. झाल्यावर मी उल्हासनगरच्या कॅम्प दोन भागात कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागले, तेव्हा नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. क्लास जीन्सच्या दुकानावरच्या माळ्यावर होता. खालून शिलाई मशीनचा आवाज सतत वर यायचा आणि दुपारी त्याची अशी गुंगी चढायची, की पडद्यावरचे हिरवे आकडे पाण्यात तरंगताहेत असं वाटायचं.

शिकवणाऱ्या मॅडम सिंधी होत्या. लांबच्या शहरात मोठं शिक्षण घेऊन आईच्या आजारपणासाठी घरी परतलेल्या. बाकीच्यांना त्या नोकरीला उपयोगी पडेल ते शिकवायच्या. मला मात्र तास संपल्यावर थांबवून घेत आणि त्यांच्या आवडीची, कॉम्प्युटरची एक वेगळीच भाषा शिकवत.

"कंप्युटरला 'पहले ये कर, मग ते कर' असं नको सांगू," त्या म्हणायच्या. "तुला पाहिजे ती चीज काय आहे, एवढंच सांग."

पहिले धडे आकड्यांच्या माळांचे होते. सम संख्या, वर्ग, मागच्या दोन आकड्यांची बेरीज करून पुढे जाणारी माळ. त्या भाषेत सगळ्याच्या सगळ्या सम संख्या एका ओळीत लिहिता येत. मी घाबरून विचारलं, "मॅडम, हे संपणार कधी?"

"संपत नाही. तू मागशील तेवढ्याच बाहेर येतात. बाकी तिथेच बसून असतात, आरामात."

घरी येताना मला ते दिसत राहायचं. कुठेतरी सगळ्या संख्या बसल्या आहेत, आपल्याला कोणी हाक मारतं का म्हणून वाट पाहत.

आमचं घर अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बाबा तिथल्याच एका कारखान्यात अधिकारी होते. त्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सुधारला, पण बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, शब्द भलतेच यायचे. पाणी हवं असलं की 'खिडकी' म्हणायचे आणि चूक त्यांना स्वतःला कळायची. ज्यांच्या एका हाकेवर अख्खा विभाग हलायचा, त्या माणसाला ते सोसेना. त्यांनी बोलणंच सोडून दिलं. डॉक्टर म्हणाले, रोज बोलतं ठेवा. पण ते खुर्चीत बसून बाहेरच्या गुलमोहराकडे बघत राहायचे.

घरी कॉम्प्युटर नव्हता. मी जमिनीवर बसून पाठकोऱ्या कागदांवर उत्तरं लिहायचे आणि लिहिताना पुटपुटायची सवय होती मला. एका संध्याकाळी, "दोन, चार, सहा..." म्हणत पेन झटकायला थांबले.

"आठ," बाबा म्हणाले.

स्वच्छ. पूर्वीच्याच आवाजात. आत आईच्या हातातला झारा कढईवर तसाच थांबला. मी मान वर केली नाही. "दहा," म्हटलं.

"बारा."

वीसपर्यंत गेलो आम्ही. मग ते दमले आणि डोळे मिटून बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्यांनी फळा पुसला. मग म्हणाल्या, "आता नवीन गणित. एका शेअरचे रोजचे भाव आण, पेपरातून. बघ, असं कर, तू नको वाचू. कोणीतरी वाचून दाखवू दे. तू फक्त लिही."

बाबांनी जन्मात एकही शेअर घेतला नव्हता, त्यांच्या लेखी तो सट्टा होता. पण घरच्या माळ्यावरची रद्दी मी त्यांच्यासमोर उतरवली, एका सिमेंट कंपनीच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, मला क्लासला पाहिजे. वाचाल?"

त्यांनी पेपर दूर सारला. मी तशीच कागद घेऊन बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी पेपर ओढला, चष्मा लावला.

"एकशे... बेचाळीस."

रोज संध्याकाळी थोडे थोडे भाव. एकदा ते "एकशे पासष्ट" म्हणाले, मी तेच लिहिलं. त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "नाही. एकशे छप्पन्न." झटक्यानंतर आकड्यांखेरीज त्यांच्या तोंडून नेमका आलेला तो पहिला शब्द, 'नाही'. आई दारात उभी राहून पदराने डोळे पुसत हसत होती.

गणित असं होतं, की भाव कोणत्या दिवशी किती वर गेला किंवा खाली आला, ते काढायचं. मॅडमची युक्ती सुंदर होती. एक माळ घ्यायची, तिच्याशेजारी तीच माळ पहिला आकडा गाळून ठेवायची. मग प्रत्येक दिवस आपोआप उद्याच्या शेजारी येऊन बसतो. मी बाबांना भाव लिहिलेल्या कागदाच्या दोन पट्ट्या कापून दाखवलं. पट्टी एक घर सरकवली, तसे ते पुढे झुकले.

"चढला," ते म्हणाले. पुढच्या घरावर बोट. "पडला. चढला. चढला... थोडा."

त्या 'थोडा'च्या आनंदात मला रात्रभर झोप लागली नाही.

काही आठवड्यांनी त्यांनी स्वतःच क्लासला यायची खूण केली. काठी टेकत जिना चढले. मॅडमनी त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि स्वतः टाइप करायला बसल्या. "अंकल, तुम्ही बोला." बाबा भाव वाचत गेले, खालून मशीनचा सूर येत राहिला. शेवटचा आकडा गेला आणि वाढ-घटीची ओळ एका क्षणात पडद्यावर उमटली. बाबा बघतच राहिले.

"मुलगी... बरी... शिकते?"

"छान शिकते, अंकल."

दुसऱ्या वर्षी मॅडम भावाकडे परदेशी गेल्या आणि क्लास बंद झाला. मला नोकरी लागली. तिथे त्या भाषेचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. बाबांना माणसांची नावं कधीच पुरती आठवली नाहीत, पण छोटी वाक्यं आली.

पुढे आम्ही बदलापूरला राहायला गेलो. संध्याकाळी बाबा उल्हास नदीच्या काठी जाऊन बसत. तिथे एक म्हातारे शेतकरी यायचे, काठावर त्यांची काकडी लावलेली होती. ते मुळातच सावकाश बोलायचे. एक वाक्य झालं की दोघं पाण्याकडे बघत बसत, मग दुसरं सुरू होई. मी बोलवायला गेले की बाबा हाताने थांबवत आणि म्हणत, "अजून... बोलतोय आम्ही."