माहीत नाही डॉक्टर

इतर डॉक्टर ज्या सहजतेने “काही नाही, बरं होईल” म्हणतात, त्याच सहजतेने आमच्या सोनोग्राफी सेंटरचे डॉक्टर “मले माहीत नाही” म्हणायचे. पुसदच्या लोकांनी त्यांचं नावच ‘माहीत नाही डॉक्टर’ पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं, पण त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. मी नऊ वर्षं त्यांचे रिपोर्ट टाइप केले, तरी या माणसाचा थांग काही मला लागला नाही.

अल्सरची शंका असलेल्या पेशंटला ते उपाशीपोटी बोलवायचे आणि आल्या आल्या तांब्याभर पाणी प्यायला लावायचे. फुलसावंगीच्या एका आजीने विचारलंच, “बापा, तपासाले बोलावलं का तहान भागवाले?”

“जठरात हवा असली का काहीच दिसत नाही, माय. पाणी असलं तर थोडंफार दिसते.”

आजी पाणी प्यायली, सांगतील त्या कुशीवर वळली. डॉक्टर बराच वेळ पडद्यात डोळे घालून बसले आणि म्हणाले, “अल्सर दिसला नाही.”

“म्हंजे नाही ना?”

“ते मले माहीत नाही.”

आजीने रिपोर्टसाठी माझ्यापुढे हात केला.

तोंडी सांगितलेलं माणूस दारापर्यंत विसरतो, असं त्यांचं मत होतं. म्हणून अशा प्रत्येक इंग्रजी रिपोर्टच्या शेवटी ते मराठीत एक मजकूर घालायला लावायचे : ‘सोनोग्राफीत अल्सर दिसला नाही, म्हणजे तो नाहीच असे समजू नये. दुखणे राहिल्यास दुर्बिणीने तपासून घ्यावे.’ सही करण्याआधी ते प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत. स्वल्पविराम चुकला तरी कागद परत यायचा.

मग माझे बाबाच पोटदुखीने आले. गुडघेदुखीसाठी ते वर्षभर मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून खात होते. तपासणीत काही दिसलं नाही. रिपोर्ट टाइप करताना मी शेवटच्या मजकुरापाशी अडखळले. दुर्बीण म्हणजे घशातून नळी घालतात, एवढं ऐकूनच बाबांना घाम फुटायचा. खरं सांगायचं तर भीती माझीच होती. मला बापाच्या हातात निव्वळ ‘नॉर्मल’ द्यायचं होतं. मी तो मजकूर गाळला. डॉक्टरांनी नेहमीसारखं बोट फिरवलं आणि सही केली.

बाबा तो कागद गल्लीभर दाखवत फिरले आणि गोळ्याही खात राहिले. तीन आठवड्यांनी त्यांना शौचाला काळं झालं, अंगणातच चक्कर येऊन पडले. यवतमाळला नेलं, दुर्बीण टाकली, तर अल्सरमधून रक्त जात होतं. रक्ताच्या बाटल्या चढवल्या, तेव्हा कुठे ते हाती लागले.

मी कामावर परतले तेव्हा डॉक्टर बाबांची सोनोग्राफीची चित्रं लावून बसले होते. समोरच्या चहावर साय धरली होती. मला जवळ बोलावून म्हणाले, “अल्सर कुठं हाये ते यवतमाळच्या रिपोर्टात लिहेल हाये. त्याच जागेवर पाहून राह्यलो सकाळपासून. आताही दिसून नाही राह्यला, पोरी.” मीही बघितलं. करड्या ढगांवर करडे ढग. मला रडू फुटलं, आणि रडत रडत मी गाळलेल्या मजकुराचं सांगून टाकलं.

ते एवढंच म्हणाले, “सही माही हाये ना? मंग चूक तुही कशी?” त्या दिवशी ते स्वतः घरी येऊन बाबांजवळ बसले आणि “यानंच पोटात जखम होते” म्हणत गुडघ्याच्या गोळ्यांची पाकिटं खिशात घालून घेऊन गेले.

गेल्या वर्षी सेंटर बंद करून ते मुलाकडे नागपूरला निघाले. खोक्यांत फाइली भरताना मी धीर करून विचारलं, “सर, स्वल्पविराम सोडत नव्हते तुम्ही. बाबांच्या रिपोर्टवर अख्खा मजकूर नव्हता. खरंच दिसलं नव्हतं, का माझं मन राखलं?”

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला. “मले माहीत नाही, पोरी.”

महिन्याभरात नागपूरहून ते वारल्याचा फोन आला. नऊ वर्षांत त्यांचं हे एकच ‘माहीत नाही’ मला खोटं वाटलं. पण तेही नक्की सांगता येत नाही.