फळ्यांवरची जागा

हे मी आजवर कुणाजवळ उघड केलेलं नाही. भाषणात नाही, पत्रकात नाही, शिबिरात पोरं एकमेकांना सगळं सांगून मोकळी होतात तिथंही नाही. आज तुम्हाला सांगतो आहे, कारण — कारण काय, तेच नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत असाल तर बहुधा त्या एका पत्रकामुळं. 'आमचा सूर कुणी मारला?' त्यातलं जवळजवळ सगळं खरं आहे. हे 'जवळजवळ' मला गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

पेटीपासून सुरुवात करतो. की गोदामापासून करू? नको, पेटीपासूनच.

आमच्या बौद्धवाड्यात जलशाची एक पेटी होती आणि एक ढोलकी. पेटी वाजवायची माझी भागाआत्या — बापाची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा झालेली. बाई पेटीवर बसते म्हणून गाव हसायचं. आत्या भाता मारता मारताच म्हणायची, "हसा की. दात तरी दिसत्यात तुमचे!" तिचा सूर काळी दोन. त्या एका पट्टीवर बोट ठेवून ती डोळे मिटायची आणि मग सगळा वाडा गप्प व्हायचा. तिच्याकडं स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

दुष्काळ पडला. सगळा वाडा पाझर तलावाच्या कामावर निघाला, तिकडंच पालं टाकून राहणार. मी मॅट्रिक झालेला, म्हणून मला गावातच सोसायटीत काम मिळालं — लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, पोती उतरवून घ्यायची आणि लोकांना वाटायची. मग पेटी-ढोलकी ठेवायची कुठं? घरांची पत्र्याची छपरं, आत भट्टी. पेटीचं लाकूड उकललं असतं.

सोसायटीच्या गोदामावर रसूलचाचा राखणदार होता. जलशाला सगळ्यांत आधी येऊन, स्वतःचं पोतं अंथरून पुढं बसणारा माणूस. तो म्हणाला, "भागाबाई, माझ्या माळवदाच्या खोलीत ठेवा. थंड हाय. उंदीर बी न्हाय — हमारे घर में खायला काय हाय म्हणून येतील?" आत्या हसली. ती तयार होती. सगळेच तयार होते.

मी नाही म्हणालो.

गोदामात एका कोपऱ्यात विटांवर फळ्या टाकून उंच जागा केलेली होती. त्यावर गावातल्या भजनी मंडळाचे मृदंग-टाळ असायचे. त्यांचे मृदंग सोसायटीच्या गोदामात राहतात, मग आमची पेटी का नाही? गोदाम काय एकट्याच्या बापाचं आहे? मी पत्रकं वाचून वाढलेला पोरगा. चेअरमनच्या ओट्यासमोर उभा राहून हे सगळं मोठ्यानं बोललो. चार दिवस चेअरमननं टाळाटाळ केली, मग एकदाचा म्हणाला, "ठेव बाबा, पर मृदंगाला चिकटून नको." वाड्यात मला खांद्यावर घेतलं. आणि तो विजय खराच होता — अजूनही खराच वाटतो. इथंच तर माझा सगळा गोंधळ होतो.

पेटी आत्यानं स्वतः बांधली. भाता बंद करून कडी लावली, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळली, आत वेखंडाचे तुकडे, वाळलेला कडुलिंबाचा पाला. ढोलकीच्या कड्या उतरवून कातडं सैल केलं. म्हणाली, "सुदामा, दर पौर्णिमेला भाईर काढ. ऊन नको, नुस्ता वारा दे. सगळ्या पट्ट्या दाबून भाता हलव. पेटीला गप ठिवलं की ती मुकी हुती."

पहिल्या काही पौर्णिमांना मी ते केलं. खरंच केलं. वाजवता येत नाही मला, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्ट्या दाबत जायचो, आणि रसूलचाचा दारातून ओरडायचा, "वा उस्ताद! गाढव बी रडंल!"

मग खताचा ट्रक आला. पाऊस पडो न पडो, पेरणीआधी युरिया येतोच. चेअरमनचा निरोप आला — खत फळ्यांवर रचा, खाली ओल धरते. भजनी मंडळानं आदल्या दिवशीच मृदंग देवळात नेले होते. राहिली फक्त आमची पेटी आणि ढोलकी.

रसूलचाचा म्हणाला, "चल बेटा, माझ्या घरी नेऊ. खत संपलं की परत आणू."

त्याचं म्हणणं साधं होतं. आणि मी काय म्हणालो? "न्हाय चाचा. एकदा उंबऱ्याभाईर गेली की परत आत येऊ देणार न्हायत. आमची हक्काची जागा हाय ही."

तुम्हीच बघा — फळ्या तर खतानं घेतल्या होत्या. मग मी कुठली जागा राखत होतो? मी पेटी-ढोलकी उचलून खाली, भिंतीच्या कडेला जमिनीवर ठेवली. वाट राहावी म्हणून समोरचा भाग मोकळा सोडायला हवा होता. पण ट्रकवाला घाई करत होता. मीच सांगितलं, "चाचा, रचा इथंच." चाचानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पोती रचली. भिंत आणि पोती यांच्यामध्ये पेटी बंद झाली.

त्यानंतरच्या पौर्णिमेला पेटी काढायची तर सगळी थप्पी हलवायला हवी होती. चाचा म्हणाला, हलवू. मी म्हणालो, पुढच्या वेळी. मिलो वाटायचं होतं, लिहायचं होतं — कसलं तरी पत्रक, समतेवरचंच असणार. पुढच्या वेळीही तेच झालं.

दर पौर्णिमेला मी तलावाच्या कामावर जायचो, वंदनेला. आत्या खडी फोडून आलेली असायची, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. पहिला प्रश्न तोच, "काळी दोन लागती का रं?"

"लागती की. ठणठणीत."

ती चिंध्यांची बोटं मांडीवर हलवायची. पेटीवर हलवावीत तशी. मी ते बघायचो आणि पुन्हा सांगायचो, ठणठणीत. किती वेळा सांगितलं? मोजलं नाही. मोजायला भ्यालो असेन.

पाऊस आला. गोदामाच्या जमिनीला ओल आली, युरियाला पाणी सुटलं. काम संपून वाडा परत आला आणि धम्मचक्र दिनाच्या जलशासाठी सगळे पेटी आणायला गोदामात आले. उरलेली पोती बाजूला केली. लुगडं पेटीला चिकटून बसलं होतं, सोलून काढावं लागलं. ढोलकीच्या शाईकडची बाजू उंदरांनी कुरतडली होती. भात्याचं कातडं लाकडासारखं झालेलं, आतल्या पितळेच्या जिभा हिरव्या पडलेल्या. आत्यानं जमिनीवरच बसून काळी दोन दाबली. नुसती हवा. मग एकेक करत सगळ्या पट्ट्या दाबल्या. तिनं घाई केली नाही. शेवटी माझ्याकडं पाहिलं.

"तू वाजवत हुतास न्हवं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. दारात रसूलचाचा उभा होता. आणि माझ्या तोंडातून निघालं — कुणीतरी दुसराच बोलतोय असं वाटलं, पण आवाज माझाच होता — "पेटीपुढं पोती कुणी रचली, ते चाचांना इचारा."

रसूलचाचा म्हणाला, "व्हय. माझ्याच हातानं रचली."

एवढंच बोलून तो थांबला. पुढचं वाक्य त्यानं माझ्यासाठी ठेवलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. ओट्यावर चहा आलाय आणि पाहुण्यानं आधी घ्यावा म्हणून थांबावं, तसा थांबला होता. मी खाली वाकून लुगड्याची घडी घालायला लागलो.

दुसऱ्या दिवशी पत्रक लिहिलं. त्यात चेअरमनचं जातीयपण आहे, वाड्याला पाण्यासाठी ताटकळत ठेवणं आहे, 'मृदंगाला चिकटून नको' आहे — सगळं घडलेलं. त्याच्यामध्ये एक वाक्य आहे, की आमची वाद्यं मुद्दाम खताखाली गाडली गेली. ते वाक्य मी एका दमात लिहिलं. मला तर वाटत होतं, मी न्यायच करतोय.

निशाणा चेअरमनवर होता. चेअरमननं सभेत हळहळ व्यक्त केली आणि दोषी माणूस म्हणून रसूलचाचाला कामावरून काढलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पत्रक उस्मानाबादपर्यंत पोचलं. वाचून तिथल्या चांगल्या माणसांनी आम्हाला नवी पेटी पाठवली. म्हणजे खोट्यातून पेटी आली. की त्यातल्या खऱ्यामुळं आली? मला अजून वेगळं करता येत नाही. त्या पत्रकातलं एक वाक्य खोडलं तर बाकीचं उभं राहतं की पडतं? आणि खोडायला निघालो, तर चेअरमन म्हणेल, बघा, सगळंच खोटं होतं. या कारणाआड मी वर्षानुवर्षं बसलो आहे. ते कारण नाही. मला माझी टाळी सोडवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या वाशीच्या बाजारात रसूलचाचा दिसला. दुसऱ्याच्या दुकानाबाहेर पोती वाहत होता. मी मान खाली घालून निघालो होतो, त्यानंच हाक मारली. "बेटा, पेटी कशी हाय?"

"ठणठणीत," मी म्हणालो.

"अच्छा है," म्हणाला आणि पुढचं पोतं पाठीवर घेतलं.

नवी पेटी आत्याच्या घरात आहे. विटांवर फळी, फळीवर पेटी, वर लुगडं. दर पौर्णिमेला ती स्वतः उघडते. त्या दिवसानंतर तिनं मला विचारलं नाही, दोषही दिला नाही. तिला माहीत आहे का? कुणी सांगितलं असेल का? ठाऊक नाही. गेल्या पौर्णिमेला पेटी विहारात न्यायची होती. तिचे हात आता दुखतात, म्हणून मी उचलायला पुढं झालो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू भाषण कर."

तिनं पेटी उराशी धरली आणि पायऱ्या चढून आत गेली. मी मागून गेलो, आणि भाषण केलं.